वहीतलं प्रश्नचिन्ह

मुलांनो,

वार्षिक परीक्षा संपली की तुमच्या पत्रांचा नूर एकदम बदलतो. गणिताचा पेपर अवघड गेला, मराठीचा निबंध अपुरा राहिला, या तक्रारी बंद होतात आणि सुट्टीचे बेत सुरू होतात. कुणी कोकणात आजोळी चाललेलं असतं, कुणी काश्मीरला. अलीकडे काही जण आई-बाबांबरोबर परदेशीही जातात. अशाच एकानं मला प्रांजळपणे विचारलं आहे, "काका, मला आपल्याकडचे दहा-बाराच पक्षी ओळखता येतात. परक्या देशात पक्षी बघायला गेलो तर माझी फजिती होईल का?"

होईल! अगदी नक्की होईल. पण घाबरू नका. या विषयावर इतकी वर्षं तुमच्याशी गप्पा मारणाऱ्या तुमच्या काकांचीही झाली होती. ती कशी झाली आणि तिच्यातून काय हाती लागलं, तेच आज सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी, माझी ताई, दाजी आणि त्यांची आठवीतली मुलगी असे आम्ही चौघं मॉरिशसला गेलो होतो. नकाशात शोधा बरं. आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर नावाचं मोठं बेट आहे. त्याच्याही पूर्वेला सुमारे नऊशे किलोमीटर गेलं, की हिंदी महासागरात एक ठिपका दिसेल. तेच मॉरिशस. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथल्या उसाच्या मळ्यांत राबायला हिंदुस्थानातून लाखो माणसं जहाजांनी नेली गेली. त्यांत आपली मराठी माणसंही होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथं राहतात आणि गणेशचतुर्थीला तिथं चक्क सरकारी सुट्टी असते! दाजींच्या ओळखीच्या अशाच एका मराठी घरात आम्ही उतरलो होतो.

भाचीला शाळेनं प्रकल्प दिला होता, 'सुट्टीत पाहिलेले वीस पक्षी'. तिनं नवी कोरी वही आणली होती. माझ्या गळ्यात दुर्बीण होती, पिशवीत पुस्तक होतं. मामा बरोबर असल्यावर वीस पक्षी म्हणजे काय मोठी गोष्ट, असं तिला वाटत होतं. खरं सांगू? मलाही तसंच वाटत होतं.

पहिली सकाळ

साडेसहाच्या सुमारास उजाडलं. आम्ही व्हरांड्यात जाऊन बसलो. समोर आंब्याचं झाड, तारेचं कुंपण आणि पलीकडे ऊसच ऊस. पाचच मिनिटांत कुंपणावर एक पक्षी येऊन बसला. तपकिरी अंग, काळं डोकं, पिवळी चोच, डोळ्यामागं पिवळी कातडी.

"मामा, ही तर साळुंकी!" भाची जवळजवळ ओरडलीच.

साळुंकीच होती. मग आंब्यावर तुरेवाला, गालावर लाल ठिपका असलेला पक्षी आला. शिपाई बुलबुल! आपल्या कोकणात, सह्याद्रीत हमखास भेटतो तोच. मग चिमण्या आल्या. मग कबुतरं. मग जमिनीवर दाणे टिपणारा होला. एक हिरवा पोपट ओरडत गेला. पाऊण तासात वहीत सहा नावं झाली.

"मामा, हे तर आपलंच गाव आहे. उगीच घाबरत होते मी!"

मीही मिशीतल्या मिशीत हसलो. मुंबईपासून साडेचार हजारांहून अधिक किलोमीटर लांब येऊनही सगळे ओळखीचे चेहरे. आणखी काय हवं?

एका पक्ष्यानं मात्र दाद दिली नाही. पाच-सहा जणांचं टोळकं आंब्याच्या पानांतून सरकत होतं. चिमणीपेक्षाही लहान, राखी रंगाचे. एका जागी क्षणभर ठरतील तर शपथ. उडताना शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा चमकायचा आणि सतत बारीक 'पिक्, पिक्' असा आवाज. मी पुस्तक उघडीपर्यंत टोळकं पसार झालं.

"काय लिहू?" भाचीनं विचारलं.

"जाऊ दे, साधासा दिसतोय. प्रश्नचिन्ह टाक," मी म्हणालो.

तिनं मोठ्या नाइलाजानं सातव्या ओळीवर फक्त '?' काढलं आणि त्यापुढं आपल्या टापटिपीच्या सवयीनं लिहिलं, 'चिमणीपेक्षा लहान, राखी, कमरेवर पांढरं, थव्यानं, आंब्यावर, पिक् पिक्.' ही ओळ लक्षात ठेवा हं!

मामांची फजिती

चहाच्या वेळी घरच्या आजी बाहेर आल्या. ऐंशीच्या पुढच्या. बोलणं क्रिओल भाषेत सुरू करायचं, मध्येच फ्रेंच शब्द आणि शेवट जुन्या वळणाच्या मराठीत. त्यांनी वही बघायला मागितली. तेवढ्यात अंगणात चिमणीएवढे काही तपकिरी पक्षी उतरले. एकदोघांच्या डोक्यावर आणि छातीवर लाल डाग होते. होळीत कुणी रंग शिंपडावा तसे.

"चिमण्याच आहेत. कशाचा तरी रंग लागलाय," मी ठामपणे सांगितलं.

आजी इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. "अहो, चिमणी कुठली? हा कार्दिनाल. दिवाळीला या तुम्ही, मग बघा त्याला. कुंकवासारखा लाल होतो."

मी पुस्तक काढलं. खरंच की! मादागास्करहून आलेला फोडी नावाचा पक्षी. पुस्तकात चित्र होतं ते लालभडक नराचं, म्हणून मी लालभडक पक्षीच शोधत होतो. पण मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. आपल्याकडं मे म्हणजे कडक उन्हाळा, तर तिथं हिवाळ्याची सुरुवात. या पक्ष्याचा विणीचा हंगाम तिथल्या उन्हाळ्यात. तो संपला, की नर आपला लाल अंगरखा उतरवून साधे तपकिरी कपडे घालतो. मे महिन्यात त्याचं कपडे बदलणं चालू होतं, एवढंच!

आणि मी हे विसरावं? आपली सुगरण काय करते? पावसाळ्यात घरटं विणताना नर कसा हळदीसारखा पिवळा असतो, आणि हिवाळ्यात त्याच सुगरणीला चिमणीपासून वेगळं काढताना नाकी नऊ येतात. घरी जे शंभरदा पाहिलं होतं, ते परदेशात गेल्यावर आठवलं नाही.

आजींनी मग वहीतल्या होल्यावर बोट ठेवलं. "हा तुमच्याकडं असा पट्ट्यापट्ट्यांचा असतो?"

दुर्बिणीतून पुन्हा नीट पाहिलं. आपल्या होल्याच्या गळ्यावर तांबूस-काळ्या चौकटींची नक्षी असते. याच्या मानेवर आणि कुशीवर बारीक आडवे पट्टे होते, झेब्र्यासारखे. डोळ्याभोवती निळसर कातडी. हा होता झेब्रा डव्ह, म्हणजे पट्टेरी होला. मूळचा मलेशिया-इंडोनेशियाकडचा. आकार होल्यासारखा, चाल होल्यासारखी, म्हणून आम्ही बारकाईनं पाहिलंच नव्हतं.

ओळखीचा चेहरा दिसला, की आपण बघायचं थांबवतो. नवख्या माणसाची सर्वांत मोठी चूक हीच. आणि गंमत म्हणजे, ती मुरलेल्या माणसाकडूनही होते.

मग ओळखायचं कसं?

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून काही नियम ठरवले. तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आपल्या गावातही उपयोगी पडतील.

पहिला नियम. मोजपट्टी घरून न्या. लाकडी नव्हे, डोक्यातली! चिमणी साधारण पंधरा सेंटिमीटर, बुलबुल वीस, साळुंकी तेवीस-चोवीस, कावळा चाळीसच्या आसपास. कुठल्याही देशात नवा पक्षी दिसला, की पहिला प्रश्न हाच. चिमणीपेक्षा मोठा की लहान? साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? डॉ. सालिम अली यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक 1941 साली निघालं, त्यातही पक्ष्यांचे आकार असेच ओळखीच्या पक्ष्यांशी ताडून दिलेले आहेत. म्हणजे आपल्या अंगणातले पाच पक्षी पक्के माहीत असले, तर सगळ्या जगाला लावायची मोजपट्टी तुमच्याकडं आहे.

दुसरा नियम. रंग शेवटी बघा. रंग ऋतूप्रमाणे बदलतो, उन्हात वेगळा दिसतो, सावलीत वेगळा. नर-मादीचा निराळा, पिल्लांचा आणखी निराळा. चोच मात्र फसवत नाही. जाड आखूड चोच दाणे फोडणाऱ्याची, बारीक टोकदार किडे टिपणाऱ्याची, आकडेदार शिकाऱ्याची. चोच, शेपटी, पाय आणि मग रंग.

तिसरा नियम. आधी वही, मग पुस्तक. पुस्तक आधी उघडलं, की आपल्याला पुस्तकातलाच पक्षी दिसायला लागतो, झाडावरचा नाही! मोबाईलमधल्या ॲपचंही तेच. ॲप सुचवतं, शपथ घेऊन सांगत नाही. पक्षी समोर आहे तोवर पक्षी बघा. चित्रं रात्रीसुद्धा बघता येतात.

चौथा नियम. तो करतोय काय, ते लिहा. एकटा की थव्यानं? जमिनीवर चालतोय की टुणटुण उड्या मारतोय? साळुंकी चालते, चिमणी उड्या मारते. शेपटी हलवतो का? झाडाच्या शेंड्यावर बसतो की झुडपात?

पाचवा नियम. गावातल्या माणसांना विचारा. पुस्तकातलं नाव त्यांना ठाऊक नसेल, पण पक्षी ठाऊक असतो. साळुंकीला तिथं 'मार्तें' म्हणतात. शेपटीत दोन लांबलचक पिसं असलेला एक पांढरा समुद्रपक्षी आहे, त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थच मुळी 'शेपटीत गवताची काडी'! एकदा हे नाव ऐकलं, की तो पक्षी तुम्ही जन्मात विसरणार नाही.

आणि सहावा नियम. प्रश्नचिन्हाची लाज बाळगू नका. हा नियम मात्र आम्ही त्या दुपारी केला नव्हता. तो दुसऱ्या दिवशी कळला.

इल् ओ एग्रेत

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर माएबूर नावाचं गाव आहे. तिथून जवळच समुद्रात एक चिमुकलं बेट आहे, इल् ओ एग्रेत. आकार अवघा सव्वीस हेक्टर. गाईडला बरोबर घेऊनच तिथं फिरावं लागतं. पायवाट सोडायची नाही, काही तोडायचं नाही, पक्ष्यांना खायला घालायचं नाही.

आमचा गाईड पंचविशीतला हसतमुख तरुण होता. भाचीच्या हातातली वही पाहून तो खूश झाला. "कोणकोणते पक्षी पाहिलेस? वाचून दाखव," तो इंग्रजीत म्हणाला. भाचीनं ऐटीत वाचायला सुरुवात केली.

"साळुंकी."

"भारतातून आणलेली. 1762 साली. टोळ पिकं खात होते, ते टोळ खायला."

"शिपाई बुलबुल."

"तोही बाहेरचा. 1892 मध्ये आला."

"चिमणी."

"बाहेरची."

"पट्टेरी होला."

"बाहेरचा."

"लाल होणारा फोडी."

"मादागास्करचा."

भाचीचा आवाज दर नावाला एकेक पायरी उतरत होता. कबूतर, पोपट, सगळ्यांचं तेच. शेवटी ती वही मिटायला लागली.

"संपली?" त्यानं विचारलं.

"एक राहिलाय. पण त्याचं नाव माहीत नाही." तिनं चाचरत ती सातवी ओळ वाचली. चिमणीपेक्षा लहान, राखी, कमरेवर पांढरं, थव्यानं, पिक् पिक्.

गाईडचा चेहरा उजळला. "पिक्-पिक्! अगं, हाच तर आमचा! मॉरिशसचा राखी चष्मेवाला. जगाच्या पाठीवर या बेटाखेरीज कुठंही सापडत नाही. तुझ्या यादीत खरा मॉरिशसचा रहिवासी हा एकटाच आहे."

मुलांनो, माझी काय अवस्था झाली असेल, विचार करा. आपल्याकडचा चष्मेवाला मी हजारदा पाहिलेला. पिवळट हिरवा, डोळ्याभोवती पांढरं कडं. त्याच्याच या भावाला ठळक चष्मा नाही आणि रंग राखी, म्हणून मी त्याला 'साधासा' म्हणून टाकून दिलं होतं. ज्या पक्ष्यासाठी एवढा समुद्र ओलांडून यावं, तो पहिल्याच सकाळी आंब्यावर येऊन गेला होता. भाचीनं ती एक ओळ लिहिली नसती, तर आम्हाला ते कधी कळलंही नसतं.

बाकीचे गेले कुठं?

"मग तुमचे बाकीचे पक्षी कुठं आहेत?" भाचीनं विचारलं. त्यानं जे सांगितलं ते ऐकताना आम्ही सगळेच गप्प झालो.

1598 साली डच खलाशी या बेटावर उतरले, तेव्हा इथं माणसांची वस्ती नव्हती. डोडो तुम्हाला चित्रातून माहीत आहे. उडता न येणारा तो मोठा थोरला पक्षी याच बेटावरचा. तो शेवटचा दिसल्याची भरवशाची नोंद 1662 सालची. म्हणजे पासष्ट वर्षांच्या आत खेळ खलास! खलाशांनी मारून खाल्ला हे तर खरंच. पण जहाजांतून उतरलेले उंदीर, डुकरं आणि माकडं यांनी त्याची अंडी-पिल्लं संपवली. पुढं उसासाठी जंगल तुटलं आणि उरलेल्या पक्ष्यांचं घरच गेलं.

मॉरिशसचा केस्ट्रेल नावाचा छोटा ससाणा आहे. 1974 साली जगभरात त्याचे चारच पक्षी माहीत होते. चार! तुमच्या वर्गातल्या एका बाकावर बसतील एवढे. गुलाबी कबूतर 1990-91 च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरलं होतं. मग कार्ल जोन्स नावाचे वेल्समधले शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी चिकाटीनं काम केलं. केस्ट्रेलच्या मादीनं घातलेली पहिली अंडी काढून ती उबवणीच्या यंत्रात ठेवली, की मादी पुन्हा अंडी घालते. अशी पिल्लं वाढवून रानात सोडली. कबुतरांना रानात दाणा दिला, शत्रूंपासून राखण केली. इल् ओ एग्रेत बेटावरून 1991 मध्ये उंदीर हटवले. आज तो ससाणा आणि गुलाबी कबूतर, दोघंही शेकड्यांत आहेत. धोका टळलेला नाही, पण आशा आहे.

एवढं बोलून त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि वर दाखवलं. फांदीवर एक टपोरं कबूतर बसलं होतं. फिकट गुलाबी डोकं आणि छाती, तपकिरी पंख, तांबूस शेपटी आणि पायात रंगीत कडी. ही कडी म्हणजे त्याचा हजेरी क्रमांक. कोणता पक्षी कुठं जन्मला, अजून आहे की नाही, हे त्यावरून कळतं. आम्ही दहा मिनिटं हललो नाही. भाची वहीत लिहायचं विसरली. मी आठवण केली नाही.

परतताना होडीत तिनं विचारलं, "मामा, म्हणजे आपली साळुंकी वाईट?"

काय सांगणार? साळुंकी झाडाच्या ढोलीत घरटं करते. तिथल्या मूळच्या पोपटालाही ढोलीच लागते. बुलबुल फळं खातो आणि बाहेरून आलेल्या झाडांच्या बिया रानभर पसरवतो. त्यानं तिथल्या रानाचं नुकसान होतं. पण साळुंकीनं काही जहाजाचं तिकीट काढलं नव्हतं. तिला माणसानं नेलं आणि ती साळुंकीसारखी वागली. पक्षी चुकत नाही, पक्ष्याला उचलून नेणारा चुकतो.

रात्री हे आजींना सांगितलं, तर त्या जरा वेळ थांबून म्हणाल्या, "आम्ही लहान असताना आई म्हणायची, ही मार्तें आपल्या गावाकडची. माझ्या अंगणात ती बसते, मला बरं वाटतं. पण दुसऱ्याच्या घरट्यात तिला घुसू देऊ नये, हेही खरं." यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

एक मोह

शेवटच्या दिवशी आम्ही ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या राष्ट्रीय उद्यानात गेलो. खोल दरी, दाट झाडी. दरीवर दोन पांढरे पक्षी तरंगत होते आणि त्यांच्या मागं लांब दोऱ्यासारखी पिसं. शेपटीत गवताची काडी! नाव सांगावंच लागलं नाही.

तेवढ्यात डोक्यावरून एक हिरवा पोपट कर्कश ओरडत गेला. गेला म्हणजे दोन सेकंदांत दिसेनासा झाला.

"एको! एको पोपट!" दाजी उत्साहानं म्हणाले. "लिही, लिही!"

एको हा मॉरिशसचा स्वतःचा पोपट. 1980 च्या दशकात त्याची संख्या दहा-बाराच्या आसपास आली होती. तीही आता वाढून शेकड्यांत गेली आहे. या रानात तो राहतो. पण आपल्याकडचा कंठवाला पोपटही तिथं आणला गेला आहे आणि तोही या भागात उडतो. दोघं हिरवे, दोघांच्या नराला गळ्याभोवती कंठ. फरक बारीक आहे. एको अधिक गडद, अंगानं जाडसर, शेपटी आखूड. एकोच्या मादीची चोच काळी असते, आपल्या पोपटाच्या मादीची लालच.

"तू चोच पाहिलीस?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

"शेपटी?"

"नीट नाही."

वहीत अठरा ओळी झाल्या होत्या, वीस व्हायला हव्या होत्या. एकोसारखा दुर्मिळ पक्षी यादीत असता तर वर्गात केवढा भाव मिळाला असता! तो नव्हता, हे सिद्ध करायला कोण येणार होतं? दाजी म्हणालेच, "अगं, असेल तोच. लिहून टाक."

तिनं जरा वेळ पेन दातांत धरलं. मग लिहिलं, 'हिरवा पोपट. कोणता ते कळलं नाही. ?'

मुलांनो, मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला. ज्या पक्ष्यांची एकेक करून मोजदाद होते, त्यांच्या बाबतीत 'असेल' आणि 'आहे' यांत फार अंतर असतं. नसलेले पक्षी कागदावर वाढले, तर लोक म्हणतील, आहेत की पुष्कळ, आता कशाला काळजी? खोट्या नोंदीनं पक्षी वाचत नाही. प्रश्नचिन्ह मात्र खरं असतं. ते पुन्हा बघायला लावतं.

प्रकल्प एकोणीस ओळींचा झाला. त्यात तीन प्रश्नचिन्हं. मुखपृष्ठावर तिनं गुलाबी कबूतर न काढता एक राखी, बिनचष्म्याचा चष्मेवाला काढला.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलांना महागडी दुर्बीण लगेच घेऊन देण्याची घाई नको. घ्यायचीच झाली, तर तिच्यावरचे आकडे बघा. '8×40' यातला आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, आणि चाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवख्याला आठपट पुरे. त्याहून जास्त झाली, की हात हलतो आणि चित्रही हलतं. सहलीत रोज सकाळी अर्धा तास मुलांना एका जागी बसू द्या. वीस ठिकाणं धावत बघण्यापेक्षा एका आंब्यासमोर बसून अधिक दिसतं, याचा पुरावा वर दिलाच आहे. आणि मूल 'माहीत नाही' म्हणालं, तर 'असेल तोच' असं म्हणू नका!

या आठवड्याचा गृहपाठ

परदेशी जायची वाट बघू नका. उद्या सकाळी खिडकीत किंवा गच्चीवर अर्धा तास बसा. पाच पक्षी बघा आणि त्यांची नावं न लिहिता फक्त वर्णन लिहा. आकार कुणाएवढा, चोच कशी, शेपटी कशी, करत काय होता. मग ती वही ताई-दादाला किंवा मित्राला द्या आणि विचारा, ओळख बघू कोण? त्यांना ओळखता आलं, तर तुम्हाला बघता आलं असं समजा.

तुमची वर्णनं मलाही पाठवा. ओळखायचा प्रयत्न करीन. नाही ओळखता आलं, तर काय लिहून पाठवीन, ते तुम्हाला ठाऊकच आहे!

तुमचा,
पक्षीवेडा काका